सातव्या कागदावरचा ढग

"ताई, एक विचारू? सातव्या कागदावर ढग होता का हो?"

खांबवालीने फोनवर मला 'ताई' म्हटलं तेव्हाच मी सावध झाले. एरवी ती मला भिंतवाली म्हणते. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींच्या भिंती, दारं, खिडक्या काढते, आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंजिनिअरच्या ऑफिसात, त्याच इमारतींचे खांब आणि बीम काढते. म्हणून मी भिंतवाली, ती खांबवाली. अकरा वर्षं आम्ही जवळजवळ रोज बोलतोय आणि अकरा वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, पण जगाचे टक्केटोणपे माझ्यापेक्षा जास्त खाल्लेत तिने.

ढग म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई भ्रमिष्ट झाली. दर गुरुवारी चार वाजता आमच्या ऑफिसची ड्रॉइंगं सामायिक फोल्डरमध्ये पडतात. तिथून ती इंजिनिअरचं ऑफिस उघडतं, ठेकेदार उघडतो, मालकाची माणसं उघडतात. एका इमारतीचे दोन-अडीचशे कागद. दर आठवड्याला सगळे डोळ्यांत तेल घालून बघायचे म्हटलं तर दुसरं काही करायलाच नको. म्हणून आमच्या धंद्यात एक रीत आहे. जे बदललं त्याच्याभोवती नागमोडी रेघेचा लाल ढग काढायचा. पलीकडचा माणूस फक्त ढगाच्या आत बघतो आणि ढगाबाहेर सगळं जुनंच आहे असं धरून चालतो. नवे ढग काढताना आधीच्या फेरीचे पुसून टाकायचे, नाहीतर कागदावर आभाळ भरून येतं आणि कुणाला काही कळत नाही. सगळा विश्वासाचा मामला आहे, आणि त्याच्यावर सात-सात मजले उभे राहतात.

"होता," मी म्हणाले.



"बरं," ती म्हणाली. "आणि तुमचे हे कसे आहेत? पाठीवरची जखम भरली का?"

"भरत आलीय."

"कुशीवर वळवताना आधी गुडघा दुमडायचा, विसरू नका. उगाच तुमची कंबर जायची." आणि तिने फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. ढग होता, हे खोटं नव्हतं. पण ते 'नरो वा कुंजरो वा'मधलं खरं होतं. आणि हे मला सकाळपासून माहीत होतं.

झालं होतं असं. हॉस्पिटलची इमारत. डॉक्टरांनी सांगितलं, लिफ्ट वीतभर खोल करा, म्हणजे स्ट्रेचर, रुग्ण आणि सोबतचा माणूस नीट आत मावतील. सरांनी मला सांगितलं, मी लिफ्टच्या डक्टची मागची भिंत वीतभर मागे सरकवली. ही भिंत काँक्रीटची, म्हणजे बांधायची ती खांबवालीच्या ड्रॉइंगवरून. आणि आज सकाळी लिफ्ट कंपनीचा माणूस टेप घेऊन साइटवर आला, तर तीन मजले चढलेली भिंत जुन्याच जागी उभी. त्याने सरळ सांगितलं, "स्ट्रेचर आत जाईल हो, पण मग दार लागणार नाही." तीन मजल्यांची भिंत फोडायची. मालक उखडला, ठेकेदार उखडला, आणि सगळ्यांनी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. चुकलं कोण?

मी चुकले. दुसरं कोण?

भिंत सरकवली त्या गुरुवारी तीन चाळीसला मी सातवा कागद, म्हणजे लिफ्ट असलेल्या ड्रॉइंगची सातवी फेरी, फोल्डरमध्ये ठेवला. लिफ्टभोवती चांगला ठसठशीत ढग होता. नेहमीप्रमाणे एक प्रत छापून आमच्या फायलीत लावली, वहीत नोंद केली. आणि मग लक्षात आलं की त्याच कागदावर एका बाथरूमचं दार बेसिनवर आपटतंय. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, करून टाकू. तेवढ्यात, मी कामावर असताना माझ्या नवऱ्याकडे बघणाऱ्या शेजारणीचा फोन आला. "अहो, भाऊ पलंगावरून खाली पडलेत. मला एकटीला उचलत नाहीत. डोक्याला लागलंय." एका हाताने पर्स भरत होते, दुसऱ्या हाताने दार फिरवत होते. दार फिरवलं, दाराभोवती ढग काढला, आणि सवयीने, नुसत्या सवयीने, कागदावरचे आधीचे ढग पुसले. आधीचे म्हणजे काय? अकरा मिनिटांपूर्वीचे! मग तोच क्रमांक ठेवून कागद जुन्याच्या जागी टाकला आणि धावत सुटले. नवी प्रत छापली नाही, वहीत नोंद नाही. पुढच्या फेऱ्यांत आठवा गेला, नववा गेला. फोल्डर फक्त शेवटचा ठेवतो. माझी चूक जगातून पुसली गेली, आणि मीच विसरून गेले.

सकाळी सरांच्या तोंडून 'सातवा कागद' ऐकलं आणि सगळं लख्ख आठवलं.

सर माणूस वाईट नाही. केबिनमध्ये बोलावलं तेव्हा त्यांच्यासमोर आमची फाइल उघडीच होती. तीन चाळीसची प्रत, वर लाल ढग.

"ढग आहे ना?" ते म्हणाले.

"आहे, सर."

"नोंद आहे, वेळ आहे. मग आपण कशाला घाबरायचं? त्यांच्या बाईंनी बघितलं नाही. शनिवारी साइटवर मीटिंग आहे, ही प्रत घेऊन चला." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून मला या बाबतीत कधी काळजी नसते."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर तीन दिवस पाणी गिळवेना. सांगावं तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. त्रेपन्नाव्या वर्षी, तीन मजले फोडायला लावणाऱ्या बाईला कोण दारात उभं करणार? आणि घरी नवरा. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा उरला. 'नको'. जेवता का? नको. पाणी? नको. बरं वाटतंय का? नको. हसू की रडू कळत नाही. मी कामावर गेले की शेजारीण बघते, संध्याकाळी मी. माझं काम हे आमच्या घराचं छप्पर आहे, आणि हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही.

आणि हे सगळं सर्वांत जास्त कुणाला माहीत होतं? खांबवालीला. तिने स्वतःच्या नवऱ्याचं आठ वर्षं अंथरुणात केलं. तो गेला. मी नवखी होते तेव्हा तीच मला फोनवर शिकवायची, चादर कशी बदलायची, घास कसा भरवायचा म्हणजे ठसका लागत नाही. खांबांची मापं सांगता सांगता मध्येच म्हणायची, "आणि पाठीला पावडर लावू नका, गोळे होतात. हं, तर बीम चारशेचा करा." माझी सख्खी बहीण आजारपण ऐकून फोन करायची थांबली. ही थांबली नाही.

शनिवारी साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये मीटिंग होती. मी आत शिरले तर एक उंच, हडकुळी बाई उभी राहिली. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"बसा, बसा, गर्दी आहे जरा," मी आपलं काहीतरी बोलले.

"भिंतवाली?" ती म्हणाली. "अगंबाई, एवढ्याशा तुम्ही? आवाजावरून मला वाटायचं, दारात मावत नसाल."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसता डोळे भरले, म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

टेबलाच्या एका बाजूला आमचे सर आणि मी, समोर त्यांचे साहेब आणि ती. कडेला ठेकेदार आणि मालकाचा माणूस. वर तिसऱ्या मजल्यावर भिंत फोडायचं मशीन सुरू होतं. धडधडधड व्हायचं, थांबायचं, परत धडधडधड. दाढेपर्यंत हादरा यायचा. सरांनी फाइल उघडली आणि आमची प्रत टेबलावर ठेवली.

"तीन चाळीस," सर म्हणाले. "हा ढग. ही नोंद. आमच्या बाजूने सगळं गेलेलं आहे."

साहेब तिच्याकडे वळले. "तुमची प्रत कुठंय? तुम्ही उघडलंत की छापता ना लगेच?"

"नाही ठेवली, साहेब," खांबवाली म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही तर जुन्या कॅलेंडरची पानंसुद्धा टाकत नाही!"

"नाही सापडली."

"मग तुम्ही बघितलं काय होतं? ढग होता की नव्हता?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. चार वाजता एखादं ड्रॉइंग उघडून, आत काय आहे बघूया, असं ती कशी बघत असेल ते मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडलं. आईशपथ उघडलं होतं. पण वरून धडधड सुरू झाली आणि मी ती थांबायची वाट बघत राहिले. जशी काही माझी वाचा त्या मशीनने अडवली होती!

मशीन थांबलं. तेव्हा तीच बोलली.

"होता. माझ्याकडून बघायचा राहिला."

झालं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ठेकेदाराने चहा मागवला. आणि मी? जिच्या जिभेला हाड नाही म्हणून सासरी-माहेरी ख्याती, जी बसच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याला चारचौघांत सोलून काढते, ती मी चहात बिस्किट बुडवत बसले. ते बिस्किट मोडून चहात पडलं. मी ते चमच्याने काढलं आणि खाल्लं. हे का सांगतेय कुणास ठाऊक. पण तेवढंच स्पष्ट आठवतं.

निघताना ती माझ्याजवळ आली. "येते हं. त्यांना जपा."

सोमवारी मी फोन केला तर पलीकडे कुणी दुसरंच. "त्या आता इथं नाहीत. मला सांगा, मॅडम." मोबाइल लावला, बंद. मंगळवारी बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती फाशी मी टेबलाच्या या बाजूला बसून बघितली होती.

बुधवारी ऑफिसात माझ्या नावाचं पाकीट आलं. आत घडी घातलेला एक कागद. सातवा. चार वाजता छापलेला, कोपऱ्यात वेळ होती. दाराभोवती ढग, आणि लिफ्टजवळ काहीच नाही. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं, बारीक, सरळ, बीमवर मापं लिहायची तसं.

'ताई, हा माझ्याकडे राहिला तर कधीतरी, एखाद्या वाईट दिवशी, मी तो कुणालातरी दाखवीन. मी काही देव नाही. म्हणून तुमच्याकडे पाठवते आहे. माझ्या घरी आता माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. तुमच्या घरी अडतं. फाडून टाका.'

म्हणजे फोनवर विचारलं तेव्हाच हा कागद तिच्या हातात होता. ढग होता का, हे तिला माझ्याकडून कळायचं नव्हतंच. तिला मी कळायची होते. आणि मी कळले.

मला तिचा इतका संताप आला! कुणी सांगितलं होतं एवढं मोठं व्हायला? भांडायचं होतंस! टेबलावर कागद आपटून म्हणायचं होतंस, ही बाई खोटारडी आहे. मी नाही नाही ते बोलले असते, रडले असते, पण सुटले असते. आता हा दगड मी कुठं ठेवू? मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा सरांनी विचारलं, सर्दी का? म्हटलं, हो.

घरी आल्यावर नवऱ्याला भरवताना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो पडला होता तो गुरुवार सांगितला तेव्हा त्याने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. मी घाईने म्हटलं, "तुमच्यामुळे नाही हो. माझ्या हाताने झालं." मग कागद त्याच्यापुढे धरला.

"गप्प बसू मी?"

"नको."

"मग सांगून टाकू?"

"नको," तो तितक्याच कळवळून म्हणाला.

"अहो, काहीतरी एक म्हणा ना!"

"नको, नको," आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मी ते पुसलं, तोंड पुसलं, गुडघा दुमडून त्याला कुशीवर वळवलं. कंबर दुखली नाही. तिने शिकवलेलं प्रत्येक वेळी उपयोगी पडतं, यापेक्षा वाईट शिक्षा काय असते?

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी सकाळपासून त्या आठवड्याचे सगळे बदल नीट केले, एकेक ढग तपासला. डबा खाल्ला नाही. तीन वाजता कपाटातली फाइल काढली, आमची तीन चाळीसची प्रत स्कॅन केली, पाकिटातली चारची प्रत स्कॅन केली आणि दोन्ही एका कागदावर शेजारी-शेजारी लावल्या. एकीत लिफ्टभोवती ढग, दुसरीत नाही. खाली काही लिहिलं नाही. चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा माझा नवरा, त्याचं पडणं, शेजारणीचा फोन, हेच यायला लागलं. सगळं खरं, आणि सगळ्या सबबी. ते पुसून टाकलं.

आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक पट्टी असते. इमारत कोणती, तारीख काय, तपासलं कुणी. आणि एक छोटा चौकोन, काढलं कुणी. त्यात माझ्या नावाची दोन अक्षरं असतात. अकरा वर्षांत त्या चौकोनाकडे कुणी ढुंकून बघितलं नसेल, कारण तो कधी बदलतच नाही आणि म्हणून त्याच्याभोवती कधी ढग नसतो.

मी लाल रेघ घेतली आणि दुसऱ्या प्रतीवरच्या त्या चौकोनाभोवती सावकाश ढग काढला. बरोबर चारला कागद फोल्डरमध्ये टाकला. डोक्यात एकच चाललं होतं, पुढच्या महिन्यात काय, त्याच्या औषधांचं काय, मी हे काय करून बसले. पण कागद गेला होता. आमच्या, इंजिनिअरच्या, ठेकेदाराच्या, मालकाच्या, सगळ्यांच्या स्क्रीनवर आता तो दिसणार होता. मी ड्रॉवर उघडला आणि माझी मोजपट्टी, चष्म्याचं घर आणि डबा पिशवीत भरला.

चार वाजून पाच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. या वेळेला तो अकरा वर्षं वाजतोय. 'आलं हो, भिंतवाली' एवढं सांगायला. माझा हात आपसूक गेला.

"बोल गं," मी म्हणून गेले.

पलीकडे तिच्या साहेबांनी घसा साफ केला.

"मी बोलतोय. हे आत्ता काय पाठवलंत तुम्ही?" ते म्हणाले. "मला नीट सांगा. सातव्या कागदावर ढग होता की नव्हता?"

सरांच्या केबिनचं दार उघडलं. ते दारातच उभे राहिले, चष्मा हातात, माझ्याकडे बघत. मी खुर्ची मागे सारली आणि उभी राहिले.

"नव्हता, साहेब," मी म्हणाले. "तिने विचारलं होतं मला. ढग नव्हता."